दाराबाहेरचे बूट

मुनेव्वेरने रविवारी दुपारी स्वतः चिबोरेक तळायला घेतले की ओळखावं, घरात काहीतरी बिनसलंय. सणावाराला ती सुनेच्या हाती झारा देई. संकटाच्या दिवशी मात्र पीठ तीच मळणार, खिमा तीच भरणार आणि कढईकडे तोंड करून उभी राहणार, म्हणजे तिचा चेहरा कोणाला दिसायला नको. आज तिने एवढं पीठ मळलं होतं की रेल्वे कारखान्यातली एक अख्खी पाळी जेवून उठली असती.

जेवणारे होते चौघं. थोरला नेजाती नगरपालिकेतून निवृत्त झाला होता, पण आईकडे येतानासुद्धा टाय बांधून यायचा. त्याची बायको पेरिहान. धाकटी शुक्रान, जिचा नवरा बिस्किटांच्या कारखान्यात होता. आणि मधली नुर्तेन. हा सगळा दरबार तिच्यासाठीच भरला होता आणि ती खिडकीशी बसून लिंबाची फोड चोखत होती. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला तहान भारी लागते आणि पाणी मात्र घोटाघोटाने प्यावं लागतं. लिंबाने तेवढंच तोंड ओलं राहतं.

झालं होतं ते असं. गुरुवारी नुर्तेन डायलिसिसला गेलेली असताना, कोणाच्या तरी निनावी तक्रारीवरून, विमा कार्यालयाचा माणूस तिच्या दारात येऊन गेला. दार बंद होतं, पण दाराबाहेर पुरुषाचे काळे बूट होते, चांगले पॉलिश केलेले. त्याने समोरच्या सादेत हानिमला विचारलं, हे बूट कोणाचे. तिने खांदे उडवले. खांदे उडवणं हे आमच्या एस्किशेहिर शहरात अर्ध्या साक्षीइतकं धरतात. ‘सोमवारी पुन्हा येतो, बाईंना घरी थांबायला सांगा,’ असं सांगून तो गेला.

आता एका बुटांच्या जोडीने एवढा काय अनर्थ व्हायचा, असं कोणालाही वाटेल. पण आमच्याकडे माणूस आजारी पडला की आधी विचारतात, विमा कोणता? पूर्वी तर इस्पितळंच वेगळी होती. मुनेव्वेरचा नवरा हायरेत्तिन उस्ता रेल्वेत, म्हणून त्याची पोरं रेल्वेच्या दवाखान्यात पांढऱ्याशुभ्र चादरींवर बरी झाली. गल्लीतल्या मजुरांची पोरं मजुरांच्या इस्पितळात, पहाटेपासून रांगेत. दुकानदारांचं खातं निराळं, शेतकऱ्यांचं निराळं, आणि ज्याला कोणीच नाही त्याने गरिबी सिद्ध करून हिरवं कार्ड मिळवायचं. पुढे सरकारने सगळ्यांना एका छपराखाली आणलं. पण छप्पर एक झालं म्हणून चुली एक होत नाहीत. बाईमाणसाचं औषध अजूनही ती कोणाची मुलगी आणि कोणाची बायको, यावरच ठरायचं.

नुर्तेन रसीमची बायको होती. रसीम आमच्या इकडच्या पांढऱ्या मऊ दगडाचे तंबाखूचे पाइप कोरायचा. हातात कला अशी, की पाइपावरच्या सुलतानाच्या दाढीतला केस न् केस दिसावा. पण पाइप ओढणारे संपले, दुकान बसलं, दुकानदारांच्या खात्यातले हप्ते थकले, आणि नेमक्या त्याच वर्षी नुर्तेनचे पाय सुजायला लागले. तेव्हा नेजातीने नियमांचं पुस्तक पालथं घातलं आणि वाट काढली. वारलेल्या रेल्वेवाल्याची मुलगी लग्न करून गेली की नवऱ्याच्या खात्यात जाते. घटस्फोट झाला की पुन्हा बापाच्या.

‘कागदच तर आहे,’ नेजाती तेव्हा म्हणाला होता. ‘इमामासमोरचं लग्न आहेच की. देवाच्या दारी तुम्ही नवरा-बायको आणि सरकारच्या दारी परके. काय बिघडलं?’

त्याप्रमाणे दोघं न्यायाधीशासमोर उभी राहिली, पटत नाही म्हणाली, आणि बाहेर येऊन एकाच सिमितचे, तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचे, दोन तुकडे करून खाल्ले. रसीम दाखवण्यापुरता दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला.

आता सोमवारी येणारा माणूस तो माळा खरा की खोटा, हेच बघायला येत होता. तो ‘हे दोघं एकत्र राहतात’ असं लिहून गेला की नुर्तेनचं नाव बापाच्या खात्यातून जाणार, आणि नावाबरोबर मंगळवार, गुरुवार, शनिवारची डायलिसिसची खुर्चीही.

नेजातीने टाय सैल केला. त्याला गेल्या तीन रात्री झोप नव्हती. युक्ती त्याची होती. फसली तर बहिणीचा जीव त्याच्या डोक्यावर. पण हे बोलून दाखवायचं वळण त्याला नव्हतं. त्याने खुर्ची ओढली आणि नुर्तेनसमोर बसला.

‘मी तो माणूस आहे असं समज. नाव?’

‘दादा, नाव तुला माहीत आहे.’

‘समज म्हटलं ना! बाई, घटस्फोटानंतर आपले पूर्वीचे पती आपल्याकडे येतात काय?’

‘नाही.’

‘अशी “नाही” म्हणालीस तर तो इथेच पथारी पसरेल. जरा चिडून म्हण. टाकलेली बाई बोलेल तशी.’

‘ती कशी बोलते?’

‘मी दाखवते,’ म्हणत शुक्रान उठली. तिने ओढणी कमरेला खोचली, हात नाचवले. ‘त्या मेल्याचं नाव काढू नका माझ्यापुढे! माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं तर तंगडं मोडीन! अशी!’

पेरिहानसुद्धा हसली. कढईपाशी मुनेव्वेरची पाठ हलली. नुर्तेनही हसली आणि मग लिंबाची फोड बशीत ठेवून म्हणाली, ‘येत नाही. बरेच दिवस झाले.’

‘नाही जमत हिला,’ नेजाती हताश होऊन म्हणाला. ‘खोटं बोलायला लहानपणापासून जमलं नाही.’

‘खोटं बोलायचं सोडा,’ पेरिहान म्हणाली, ‘बूट तरी आत घ्यायचे! रसीमला एवढी अक्कल नको? चोरून यायचं तर बूट पॉलिश करून दारात मांडायचे? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.’

‘वहिनी, तुम्ही तर बोलूच नका,’ शुक्रान तिच्यावर उलटली. ‘तक्रार कोणी केली ते आधी कळू दे. ज्यांना हा घटस्फोट पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होता, त्यांनीच तर नाही केली?’

‘शुक्रान!’

‘दादा, मी नाव घेतलं का कोणाचं?’

पेरिहानचा चेहरा उतरला. हो, तिने विरोध केला होता. देवाच्या नावाने बांधलेली गाठ विम्यासाठी सोडायची, मग ती कागदावर का असेना, हे तिला पटलं नव्हतं, आणि तसं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण तेव्हापासून दर शनिवारी पथ्याचे बटाटे दोनदा उकळून, पाणी फेकून, मिठाशिवाय करून नुर्तेनच्या घरी पोहोचवत कोण होतं? शुक्रान? या घरात सून म्हणून येऊन पेरिहानला नातवंडं व्हायची वेळ आली, तरी काही वाकडं झालं की बोट तिच्याकडे.

‘बूट रसीमचे नाहीत,’ नुर्तेन म्हणाली.

‘मग कोणाचे?’ नेजातीने विचारलं.

शुक्रानचे डोळे विस्फारले. ‘ताई! अगं... दुसरं कोणी...?’

नुर्तेनने एकदाच कढईकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. ती सांगणार नव्हती. मुनेव्वेरला ते पाठमोरी असूनही कळलं. पोरगी लोकांच्या मनात नको ते येऊ देईल, पण आईचं नाव घेणार नाही. हा हट्टीपणा थेट बापाचा.

मुनेव्वेरने गॅस बंद केला. झारा खाली ठेवला.

‘ते तुमच्या बापाचे,’ ती म्हणाली.

‘कोणाचे?’

‘बापाचे, बापाचे! बहिरे झालात का सगळे? मीच ठेवले.’ ती पदर शोधावा तशी ओढणीचं टोक शोधत होती. ‘मी हिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा गॅसची टाकी घेऊन एक मेला आला. टाकी ठेवली तरी हलेना. “घरात कोणी पुरुष नाही का?” म्हणे. मला रात्रभर डोळा लागला नाही. बाईमाणूस एकटं आहे हे दाराने सांगू नये. माझ्या आईने माझ्या बापामागे तेच केलं, मी तेच केलं. म्हणून ठेवले. आणि दर आठवड्याला जाऊन पॉलिश करते. धूळ बसली तर लोक ओळखतात.’

‘पण आई,’ नेजाती चक्रावला, ‘बाबांचे बूट तर आपण तेव्हाच दाराबाहेर ठेवले होते. कोणीतरी नेले.’

आमच्यात माणूस गेला की त्याचे बूट दाराबाहेर ठेवतात. ज्याला गरज असेल त्याने न्यावेत. कोणी नेले हे बघायचं नाही, विचारायचं नाही.

‘मीच नेले,’ मुनेव्वेर म्हणाली. ‘तुम्ही कबरस्तानातून परत यायच्या आत. गरजू मीच होते.’

शुक्रानने जाऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. आपण बहिणीबद्दल काय बोलून गेलो हे तिला आता कळत होतं, म्हणून तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

नेजाती सगळ्यात आधी भानावर आला. ‘बरं. बूट बाबांचे. पण त्या माणसाने हे का मानावं? मेलेल्याचे बूट कोणी पॉलिश करतं का, असंच म्हणेल तो. त्याला रसीम दुसरीकडे राहतो हे दाखवावं लागेल. रसीम आणि दुकानाचा शेजारी, दोघांना सोमवारी हजर करतो. थांब, आत्ताच फोन लावतो.’

‘लावू नकोस,’ नुर्तेन म्हणाली.

‘का?’

‘दादा, नको ना.’

पण नेजाती काही ठरवलं की मागे न फिरणारा माणूस. त्याने फोन कानाला लावला, काढला, आकडे तपासले, पुन्हा लावला. ‘हा नंबरच बंद आहे म्हणतेय बाई. नवा घेतला का त्याने?’

‘घेतला असेल.’

‘असेल म्हणजे? तुझ्याकडे नाही?’

नुर्तेनने बशीतली लिंबाची फोड उचलली, पुन्हा ठेवली. काही महिने ती हे वाक्य बरोबर घेऊन फिरत होती. डायलिसिसच्या खुर्चीत, यंत्र रक्त नेतं आणि आणतं त्या तासांत, तिने ते नाना तऱ्हांनी जुळवून पाहिलं होतं. आता ते अगदी साधंच बाहेर आलं.

‘रसीमने लग्न केलंय. कापादोक्याला. पर्यटकांच्या दुकानात कोरायला गेला होता ना हिवाळ्यात, त्या दुकानाच्या मालकिणीशी. नगरपालिकेत, सही-शिक्क्याचं. तो मोकळाच होता की. आपणच केला होता मोकळा.’

‘आणि इमामासमोरचं?’ मुनेव्वेरने कसंबसं विचारलं. एवढे दिवस तिचा सगळा भरवसा त्या एका गोष्टीवर होता.

‘तेही सोडलं, आई. फोनवर. तीनदा तलाक म्हणाला. रडत होता म्हणताना. मग मीच त्याची समजूत काढली.’

‘पण तू तर सांगायचीस,’ शुक्रान म्हणाली, ‘रसीमने सलाम सांगितलाय, रसीमला तुझ्या हातचं लोणचं आवडलं...’

‘सांगायचे.’

नेजाती उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत चाललं होतं, आणि त्याला ते आवरलं नाही.

‘अगं मग झालंच की!’ तो जवळजवळ ओरडला. ‘सहीशिक्क्याचं लग्न! नोंद असणार! आता कोणाच्या बापाची टाप आहे “हे दोघं एकत्र राहतात” म्हणायची? सुटलो! साक्षीदार नको, शेजारी नको, काही नको. त्यांच्याच यंत्रात दिसेल. तक्रारीची फाइल रखडत आली आणि लग्न मधल्या मध्ये होऊन गेलं, म्हणून त्यांना कळलं नसेल. अगं वेडे, हे आधी नाही का सांगायचं? तीन रात्री झोपलो नाही मी!’

‘खरंच की,’ शुक्रान म्हणाली आणि तिच्या तोंडून सुटकेचं हसू आलं. ‘देव पावला! ताई, तुझी खुर्ची पक्की! आता मरेपर्यंत कोणी काढत नाही.’

मुनेव्वेरने दोन्ही हात आकाशाकडे केले, देवाचे आभार मानले, चेहऱ्यावरून हात फिरवले. मग परत गॅस पेटवला, कारण चिबोरेक उरले होते आणि आता सगळ्यांना भूक लागली होती. नेजातीने टाय काढून खिशात कोंबला. एकाएकी सगळे मोठ्याने बोलायला लागले. कोणी ताक मागितलं, कोणी त्या विमेवाल्याचं तोंड कसं होईल याची नक्कल केली. खूप दिवसांनी त्या घरात असा आवाज झाला.

पेरिहान तेवढी नुर्तेनकडे बघत होती. नुर्तेन हसत होती, सगळ्यांकडे बघून मान हलवत होती. लग्नघरात उशिरा पोचलेला, कोणाला फारसं न ओळखणारा पाहुणा हसतो तसं ते हसू होतं. पेरिहानच्या मनात आलं, उठावं, तिच्याजवळ बसावं, तिचं डोकं मांडीवर घ्यावं. पण दोघींमध्ये असं कधी घडलं नव्हतं, आणि न घडलेल्या गोष्टीला सुरुवात कशी करायची हे तिला ठाऊक नव्हतं.

‘तुझा चहा गार झाला,’ ती म्हणाली. ‘अर्धाच पेला देते. गरम.’

‘नको वहिनी. आजचं पाणी संपलं माझं.’

नेजाती जाताना दारात थांबला. त्याने बहिणीच्या गालाला हात लावला, लहानपणी लावायचा तसा. ‘बघ, कागद शेवटी कामाला आला,’ तो म्हणाला. त्याला काहीतरी दुसरं म्हणायचं होतं. जिना उतरताना ते त्याला आठवलंही, पण तोवर नुर्तेनने आपला कोट घातला होता आणि तिला ट्राम गाठायची होती.

सोमवारी विमेवाला ठरल्याप्रमाणे आला. तरुण होता, सर्दीने बेजार. नुर्तेनने त्याला बसायला सांगितलं, तो उभाच राहिला. मुनेव्वेर आदल्या संध्याकाळीच लेकीच्या मागोमाग राहायला आली होती. ती आतल्या दाराशी तसबीचे मणी ओढत बसली.

नुर्तेनने जे होतं ते सांगितलं. चिडून नाही, हात नाचवून नाही. त्याने कार्यालयात फोन लावला, रसीमचं नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं, थांबला.

‘हो का? कुठे? बरं. तारीख सांगा.’ त्याने लिहून घेतलं. मग नुर्तेनकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला. ‘झालं बाई. तुमच्यावर काही येत नाही. तुम्ही एकट्या आहात, हे स्पष्ट आहे.’

‘हो,’ नुर्तेन म्हणाली.

‘फक्त ते बूट आत घ्या. लोकांना उगाच शंका येते.’

‘ते माझ्या यजमानांचे,’ मुनेव्वेर आतून कडाडली. ‘रेल्वेने दिलेले! तुझ्या साहेबाला सांग, असं चामडं आता मिळत नाही!’

विमेवाल्याने नाक पुसलं आणि बिचारा जिन्याकडे वळला.

तो गेल्यावर मुनेव्वेर बाहेर येऊन वाकली आणि बूट उचलायला लागली. ‘घेऊन जाते घरी. माझ्यामुळे नसती भानगड झाली.’

‘राहू देत, आई,’ नुर्तेन म्हणाली. ‘आता तर पाहिजेतच.’

मुनेव्वेरने बूट परत जागेवर ठेवले, टाचा भिंतीला लावून. तिला पोरीजवळ बसून दोन शब्द बोलायचे होते. पण नवरा मेला तर काय बोलायचं हे तिला येत होतं. नवरा जिवंत असून गेला तर काय बोलायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती नमाजाला उभी राहिली आणि त्यात तिने जरा जास्तच वेळ काढला.

नुर्तेनने पलंगाखालून एक जोडी काढली. तपकिरी, उन्हाळी, टाचा एका बाजूने झिजलेल्या. रसीम कापादोक्याला जाड बूट घालून गेला होता आणि हे मागे राहिले होते. शिवणीत दगडाची पांढरी भुकटी अजून होती. दुकानातून आला की दारात बूट आपटायचा, आणि ती रोज ओरडायची की अख्खा जिना पांढरा करतोस. वसंत सुरू झाला तेव्हा तिला वाटलं होतं, उन्हाळी बूट न्यायला तरी येईल. तिने फडकं ओलं केलं आणि शिवणीतली भुकटी पुसून काढली. ती निघायला बराच वेळ लागला.

मग ती जिना उतरून खाली गेली आणि इमारतीच्या दाराबाहेर, पायरीच्या कडेला, ते बूट नीट शेजारी-शेजारी ठेवले. टोकं रस्त्याकडे. वर आली तेव्हा मुनेव्वेर खिडकीशी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. सरकून तिने लेकीला खिडकीत जागा करून दिली, आणि दोघी बऱ्याच वेळ खालचा रस्ता बघत राहिल्या.

मंगळवारी सकाळी डायलिसिस केंद्राची गाडी आली. नुर्तेन खाली उतरली तेव्हा पायरीवर बूट नव्हते. गाडीत आधीचे पेशंट बसलेले होते, चादरी गुडघ्यांवर घेऊन, अर्धवट झोपेत. चालक इद्रिसने खाली उतरून तिला हात दिला. एरवीही द्यायचा, पण आज त्याने टोपी काढली.

‘ताई, पुढच्या गल्लीतल्यांना घ्यायला आधी इथून गेलो, तेव्हा दाराशी बूट दिसले,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘एक म्हातारा पायात घालून बघत होता. बरोब्बर बसले त्याला. तुमच्याकडचंच कोणी गेलं का?’

नुर्तेनचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता.

‘हो,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडचंच.’

‘देव त्याला जन्नतीत जागा देवो. आणि मागे राहिलेल्यांना आयुष्य देवो. तुम्हाला बळ देवो, ताई.’

गाडीतल्यांनी ते ऐकलं. पुढच्या बाकावरचे आजोबा जागे झाले आणि त्यांनी तळवे उघडून दुआ पुटपुटली. शेजारच्या बाईने आपली चादर अर्धी उचलून तिच्या गुडघ्यांवर टाकली. ‘फार जवळचं होतं का गं?’ तिने विचारलं.

नुर्तेनने मान हलवली. न्यायालयात ती रडली नव्हती, त्या फोनवर रडली नव्हती, रविवारी सगळे आनंदाने जेवत होते तेव्हाही नाही. आता मात्र ती चादरीत तोंड घालून रडली, आणि इद्रिसने गाडी केंद्रापर्यंत अगदी सावकाश नेली.